एकोणिसावा रंग

दुपारी दोनला अक्कलकोट रोडवरनं इरेशचा फोन.
‘सहा नंबरचा माग उभाय ताई. मोर कुठाय?’

मोर माझ्याच टेबलावर आहे,
तेराशे चव्वेचाळीस हुकांचा, मान डावीकडे.
पण फाईल उघडायला गेलं
की सॉफ्टवेअरच मिटतं, लाजाळूसारखं.
ना कुरकुर, ना लाल फुली.
नुसता डेस्कटॉप उरतो
आणि त्यावर शेठच्या नातवाचं जावळ.

आधी नावाला दोष दिला.
मोर_फायनल_शेवटचं_खरंच_शेवटचं_२.
एवढ्या नावानं कुणालाही धाप लागेल.
नुसतं ‘मोर’ केलं.
तरी मिटलं.
बंद करून चालू केलं, पंख्याखाली धरलं
(मे महिना, चव्वेचाळीस डिग्री,
माणसंही अशीच मिटतात इथं).
शेवटी मोराला पेनड्राईव्हमध्ये घालून
जिना उतरले, साखर पेठेतनं उन्हातनं चालत
भारतीच्या दुकानी नेलं.
तिथं हा गडी पहिल्या क्लिकला
पिसारा फुलवून उभा!

म्हणजे मोर निर्दोष.
खोट आमच्याच घरात.

भारती म्हणाली, सेटिंगचं फोल्डर उडव,
कोरं होऊन सुरू होईल.

उडवायला काय, एक बटण.
पण ते फोल्डर मलय्यांचं आहे.
आधी हातानं पंचकार्डं ठोकणारे मलय्या
पन्नाशीत माउस धरायला शिकले
आणि सतरा वर्षांत त्या परक्या खिडकीला
आपल्या सवयींची कोपरं पाडली.
एफ पाचवर आरसा, एफ सहावर बुट्टा,
आणि रंगांना आकडे नाहीत, नावं:
एर्रा. नल्ला.
शेठला न आवडणारा हिरवा.
राजमणीची चोळी.
चहा, दूध कमी.

मी उडवलं नाही. फोल्डरचं नाव बदललं,
बाजूला ठेवलं.
सॉफ्टवेअर उघडलं. मोर आला.
पण भोवती सगळं राखाडी, कारखान्यातनं आल्यासारखं.
एफ पाच दाबलं, आरसा नाही.
माझी बोटं, तीही त्यांनीच वळवलेली,
नव्या सुनेसारखी डबे उघडत राहिली.

मग अकरा फाईली घेऊन बसले.
सहा परत टाकल्या: चालतंय.
आणखी तीन: चालतंय.
दहावी टाकली आणि मिटलं.
दहावी म्हणजे रंगांची.
नोटपॅडमध्ये उलगडली,
तुटलेला धागा शोधतात तसं
ओळीओळीवरनं बोट फिरवत खाली गेले.
एकोणिसाव्या ओळीत रंग होता,
जांभळ्याच्या अलीकडचा, करड्याच्या पलीकडचा,
आणि नावाच्या जागी
एक अवतरणचिन्ह. उघडलेलं.
पुढं काही नाही.
सॉफ्टवेअर बिचारं त्या उघड्या दारातनं आत शिरायचं
आणि परत यायचंच नाही.

मलय्या आता घरी असतात, मोतीबिंदूनंतर
काळा चष्मा लावून.
फोन केला.
एकोणीस नंबर, म्हटलं, काय लिहिणार होता?
मी काय काय धरून बसले होते मनात:
कुणाची साडी, कुठलं आभाळ.

‘एकोणीस?’ बराच वेळ टीव्हीचा आवाज.
‘लाईट गेली असंल बे त्या वेळी.
मग जेवायला बसलो असंन.’

एवढंच. वर विचारलं,
मोराच्या मानेला दोन पिकं जास्त दिलीस का,
नाहीतर टॉवेल धुतल्यावर बसतो तो.
दिली नव्हती.
दिली.

अवतरणचिन्ह मिटवलं.
मध्ये काहीच लिहिलं नाही.
त्या कोऱ्या नावालाही सॉफ्टवेअर आता रंग समजतं.
अकरा फाईलींची एक प्रत पेनड्राईव्हवर,
एक भारतीकडे,
एक मलाच मेल केली.

साडेपाचला इरेशनं फोन उचलला
आणि काही बोललाच नाही,
नुसता मागाकडे धरला.